चाकं असलेला माल: पिकअपमधून छोटा ट्रॅक्टर नेताना

कांद्याची गोणी हौद्यात टाकली की जिथे टाकली तिथे पडून राहते. वाशीच्या भाजी मार्केटमधून रात्री माल भरायचा आणि पहाटे कल्याण, बदलापूर, कधी मुरबाडला सोडायचा, हे काम मी एकोणीस वर्षं करतोय. एवढ्या वर्षांत एकही गोणी आपल्या पायाने चालत कॅबिनकडे आलेली मी पाहिली नाही. ट्रॅक्टर येतो. त्याला चाकं आहेत, चाकांत हवा आहे, आणि एकदा हलला की त्याला धरायला चार माणसं पुरत नाहीत.

मी घणसोली गावचा. आमची खाचरं सिडकोत गेली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे आमच्या दारात स्वतःचा ट्रॅक्टर कधी उभा राहिला नाही. पण बायकोचं माहेर टोकावड्याच्या अलीकडे. २०१३ च्या मे महिन्यात मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा फोन आला, "जावईबापू, छोटा ट्रॅक्टर घेतलाय. तुमच्या गाडीतून आणता का?" जावयाला नाही म्हणता येत नाही. मी गेलो, पुढून चढवला, नायलॉनच्या दोराने बांधला आणि गिअरमध्ये टाकून म्हणालो, आता कुठे जातोय हा! शहाडचा पूल उतरताना रिक्षा आडवी आली. ब्रेक मारला. ट्रॅक्टर चार बोटं पुढे सरकला आणि त्याच्या बंपरने कॅबिनमागची जाळी वाकवली. ती जाळी मी अजून सरळ केलेली नाही, मुद्दाम.

तेव्हापासून दरवर्षी चिखलणीच्या आधी, मे-जूनमध्ये, आठ-दहा ट्रॅक्टर माझ्या गाडीतून जातात. हल्ली नवीन पोरं विचारायला येतात, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय.

एचपी विचारू नका, वजन विचारा

गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "छोटाच आहे हो, पंधरा एचपीचा." त्याने काही कळत नाही. स्वराज कोड ११ एचपीचा आणि ४५५ किलोचा. कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हा २४ एचपीचा, तरी वजन ६३० किलो. आणि महिंद्राचा युवराज २१५, फक्त १५ एचपी, पण भरतो ७८० किलो. एचपी जास्त म्हणजे वजन जास्त, असं इथे चालत नाही. मॉडेलचं नाव विचारा, माहितीपत्रकातलं वजन बघा आणि मग गाडी ठरवा.

त्यात वर काय काय येतंय तेही विचारा. रोटर (मागे जोडायचं माती घुसळणारं अवजार) येतोय का? केजव्हील, म्हणजे चिखलात चालायची लोखंडी पिंजऱ्याची चाकं? मागच्या टायरमध्ये पाणी भरलंय का? जुना ट्रॅक्टर असेल तर शेतकऱ्याने पकड यावी म्हणून पाणी भरलेलं असतं आणि सांगायचं विसरलेला असतो. गेल्या वर्षी एका मामांचा "लहानसा" रोटर मी काट्यावर चढवला तर १९० किलो निघाला.

माझी गाडी बोलेरो पिकअप, १.७ टनी, हौदा दहा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. यात वर सांगितलेल्यांपैकी कुठलाही ट्रॅक्टर वजनाला आरामात बसतो. छोटा हत्ती मात्र साधारण पाऊण टनाची गाडी. युवराज एकटाच त्याच्या डोक्यावर जातो, वर फळ्या आणि माणूस वेगळा. भाडं पाचशे-हजार रुपयांनी कमी पडतं म्हणून लोक छोटा हत्ती करतात. मग मागचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) बसतात, पुढचं स्टेअरिंग हलकं होतं आणि शिळफाट्याच्या वळणावर गाडी हात सांगेल तिकडे जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. माल हौद्याच्या बाहेर लोंबत असेल तरी २० हजार. पाचशे रुपये वाचवायला निघालेल्या माणसाला हे आकडे मी आधी सांगतो.

पस्तीस-चाळीस एचपीचा मोठा ट्रॅक्टर पावणेदोन-दोन टनांचा असतो. तो पिकअपचा मालच नाही. आणि अंतर दहा-पंधरा किलोमीटरच असेल, कागद जागेवर असतील, तर चालवत न्या. माझं भाडं बुडेल, पण खरं ते हेच.

चढवण्याची जागा

लोकांना वाटतं धोका रस्त्यावर असतो. माझ्या डोळ्यांदेखत जे काही बिघडलं त्यातलं बरंचसं गाडी उभी असताना बिघडलंय.

हौदा जमिनीपासून पावणेतीन फूट वर. सहा फुटी फळी लावली तर चढ इतका उभा होतो की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत जातात. दहा फुटी फळीने तोच चढ सोळा अंशांवर येतो. म्हणून फळी दहा फुटाचीच, त्याहून लहान नको. दहा फुटाची आणखी एक सोय म्हणजे परतताना ती हौद्यात मावते. माझ्या दोन लोखंडी फळ्या रबाळ्याच्या एमआयडीसीत बनवून घेतल्यात. सी-चॅनेलवर खडबडीत पत्रा, फूटभर रुंद, वरच्या टोकाला हौद्याच्या कडेवर बसणारं वाकवलेलं नाक, आणि त्या नाकाजवळ एक भोक. त्या भोकाची गोष्ट पुढे सांगतो. लाकडी फळ्या वापरणारे आहेत. सागाची जाड फळी कोरडी असेल तोवर ठीक, पण पावसात भिजली, त्यावर चिखलाचं टायर आलं की ती साबणासारखी होते.

फळीपेक्षा चांगली गोष्ट म्हणजे बांध. गावाकडे शेताचा उंच बांध, ओट्यासारखी जागा, रस्त्याकडेचा चढ, काहीतरी सापडतंच. गाडी उलटी घेऊन मागची चाकं खोलगट जागेत उतरवायची, हौद्याची कड बांधाच्या जवळ आणायची. चढ निम्म्यावर येतो, कधी कधी फळी नुसती पुलासारखी आडवी पडते. मी गावात शिरलो की आधी ट्रॅक्टर बघत नाही, बांध बघतो. एकच काळजी घ्या, बांध पावसाने फुगलेला नको. मागच्या चाकाचं वजन कडेवर आलं की ओला बांध ढासळतो.

हौद्याचा मागचा फाळका उघडून त्यावर फळी टेकवायची नाही. फाळका बिजागऱ्यांवर लोंबतो, तो भाजी अडवायला आहे, पावणेआठशे किलो पेलायला नाही. मी दोन पिना काढून फाळका उतरवूनच ठेवतो. फळीचं नाक थेट हौद्याच्या तळाच्या कडेवर.

आणि हौद्याच्या मागच्या टोकाखाली, चासीला, दोन ओंडक्यांचा टेका द्या. ट्रॅक्टरची जड चाकं हौद्याच्या टोकावर आली की पिकअप मागे बसते आणि पुढून उचलते. पाटे दबले की फळीचं टोक सुटायला बघतं. टेका असेल तर गाडी जागची हलत नाही. गाडीचा हँडब्रेक, पहिला गिअर आणि चारही चाकांना उटी (चाक अडवायची पाचर), हे तर आहेच.

आता त्या भोकाची गोष्ट. २०१७ चा जून, गोवेलीच्या आसपासचं गाव. जुन्या फळ्यांना भोकं नव्हती, नुसती नाकं होती. ट्रॅक्टरवाला तरुण, घाईतला. त्याने अर्ध्या फळीवर थांबून पुन्हा जोर दिला. चाक पुढे जायला फळीला मागे ढकलतं, हे साधं गणित. डावी फळी नाकातून निसटली आणि बाणासारखी मागे गेली. जिथे जाऊन आपटली तिथे अर्ध्या मिनिटापूर्वी त्याचा थोरला भाऊ "ये, ये, येऊ दे" करत उभा होता. बिडी पेटवायला बाजूला गेला म्हणून वाचला. ट्रॅक्टर पोटावर हौद्याच्या कडेला लटकला, त्याला काढायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यांना भोकं पाडली. आता दोन्ही फळ्या साखळीने हौद्याखालच्या आडव्या चॅनेलला बांधल्याशिवाय मी कुणाला सीटवर बसू देत नाही. आणि फळ्यांच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, बाजूलाही नाही. ट्रॅक्टर अडला तर धक्का मारायला पाच जण धावतात, ही आपल्या गावाची चांगली सवय आहे, पण इथे तीच सवय माणूस मारते. हात दाखवणारा एकच, तोही कॅबिनच्या बाजूला, ट्रॅक्टरवाल्याला दिसेल असा. बाकी सगळे दहा पावलं लांब. "मामा, जरा लांब व्हा" हे वाक्य मी एका फेरीत वीस वेळा म्हणतो.

उलटा चढवायचा

ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवा. ऐकायला उफराटं वाटतं, पण कारण सरळ आहे. ट्रॅक्टरचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकांवर असतं आणि ओढही मुख्यतः तीच चाकं करतात. पुढून चढवला तर चढावर ते वजन आणखी मागे जातं, मागची चाकं जोर लावतात आणि नाक उचललं जातं. जास्तच उभा चढ असेल तर ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उताणा पडू शकतो. उलटा चढवला की जड बाजू वर आणि हलकी बाजू खाली, नाक उचलायचा प्रश्न राहत नाही.

दुसरा फायदा गाडीला. जड चाकं कॅबिनपाशी जातात, म्हणजे वजन पिकअपच्या मागच्या धुरीच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे पडतं. पुढून चढवलेला ट्रॅक्टर आणि त्यामागे लोंबणारा रोटर, असं ओझं गाडीचं शेपूट दाबतं आणि तोंड उचलतं. माझ्या पहिल्या फेरीत स्टेअरिंग लोण्यासारखं हलकं लागत होतं. मला वाटलं, वा, गाडी मस्त चाललीय!

चढवण्याआधी शेतातला रोटर किंवा नांगर काढून ठेवा. दोन्ही ब्रेकचे पेडल कडीने जोडा. शेतात वळायला आपण एकेक ब्रेक वापरतो आणि कडी उघडीच राहते. फळीवर एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर गरकन वळून फळीखाली जाईल. फळ्यांमधलं अंतर मागच्या टायरच्या मध्यावर ठेवा, पण पुढची चाकंही त्याच फळीवर येतायत का ते मोजून बघा. पुष्कळ ट्रॅक्टरांत पुढची चाकं आतल्या अंगाला असतात. टायरला चिखल असेल तर गोणपाटाने पुसा आणि फळीवर मूठभर खडीची कच टाका.

मग सगळ्यात हळू रिव्हर्स, इंजिनला थोडी रेस, आणि फळीवर आल्यावर पाय क्लचवरून बाजूला. क्लच दाबला की ट्रॅक्टर मोकळा होतो आणि खाली सुटतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही घाबरल्यावर पाय आपोआप क्लचवरच जातो. म्हणून चढवणारा माणूस तोच हवा ज्याच्या पायाला हा ट्रॅक्टर माहीत आहे. मला इतक्या फेऱ्यांचा अनुभव असला तरी दुसऱ्याचा ट्रॅक्टर मी स्वतः चढवत नाही, मालकालाच बसवतो. मालक कच्चा असेल तर शोरूमच्या माणसाला.

आत गेल्यावर एक गंमत होते. ट्रॅक्टरमागचे अवजार जोडायचे, म्हणजे लोअर लिंकचे, दोन हात टायरच्याही मागे येतात आणि कॅबिनच्या जाळीला आधी तेच भिडतात. ते हात वर करून आत बांधून घ्या. पुढच्या भिंतीत आणि टायरांत एक सहा इंची चौकोनी ओंडका आडवा टाका. ट्रॅक्टर ओंडक्याला टेकला पाहिजे, मध्ये रिकामी जागा नको. रिकामी जागा म्हणजे धावपट्टी.

बांधणं

"गिअरमध्ये आहे, हँडब्रेक ओढलाय, आता कशाला पट्टे?" हे मला दर फेरीला ऐकावं लागतं. गिअरही टाका, हँडब्रेकही ओढा, पण हे विसरा की तुम्ही ते केलंय. बांधायचं असं, जणू गिअर न्यूट्रल आहे आणि ब्रेक निकामी आहे.

माल बांधायचा जो हिशेब युरोप-अमेरिकेत चालतो तो मला पटतो. जोरात ब्रेक लागला की मालाच्या वजनाच्या ऐंशी टक्के जोर पुढे लागतो, असं धरायचं. बाजूला आणि मागे वजनाच्या निम्मा. युवराज धरला तर पुढे सव्वासहाशे किलो, बाजूला तीनशे नव्वद. मामांच्या गोठ्यातल्या कासऱ्याला हे सांगून बघा.

नायलॉनचा दोर नकोच. तो ताणतो, भिजला की आणखी ताणतो, आणि सैल झालाय हे आरशात दिसत नाही. रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे घ्या, ५० मिलिमीटर रुंदीचे, चार. चांगल्या पट्ट्याला लेबल शिवलेलं असतं. त्यावर एलसी, म्हणजे बांधून धरायची क्षमता, यापुढे २५०० असा आकडा असेल तर तो पट्टा सरळ ओढीत अडीच टन धरतो. नुसतं "५ टन" लिहिलेलं असेल तर ते बहुधा तुटण्याचं वजन असतं, धरण्याचं नाही. लेबल नसलेला पट्टा भाजीच्या क्रेटला वापरा. कडेला चिरलेला, उन्हाने पांढरा पडलेला पट्टा फेकून द्या, उगाच गाठ मारून चालवू नका.

पट्टा कशाला अडकवायचा, यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. हौद्याच्या बाहेरून जे छोटे हुक असतात ते ताडपत्रीच्या दोरीसाठी आहेत. त्यांना ट्रॅक्टर बांधला तर आधी हुक सरळ होतो. मी हौद्याखालच्या आडव्या चॅनेलांना यू-बोल्टने चार कड्या आवळून घेतल्यात. चासीला भोक किंवा वेल्डिंग करू नका, तिची ताकद जाते. ट्रॅक्टरच्या बाजूने पुढे असेल तर ओढण्याचा हुक किंवा पुढच्या धुरीचा जाड ब्रॅकेट, मागे ड्रॉबार (ट्रॉली जोडायची पट्टी) किंवा धुरीचं घर. स्टेअरिंगचा टाय रॉड, हायड्रोलिकचे पाइप, मडगार्ड, सीटच्या मागची कमान, यांना हात लावायचा नाही. एकदा एका पोराने टाय रॉडला पट्टा आवळला होता. ट्रॅक्टर गावात पोचला आणि सरळ चालेचना.

चारही कोपऱ्यांना चार वेगळे पट्टे. दोन पुढे ओढणारे, दोन मागे ओढणारे, म्हणजे ट्रॅक्टर चौबाजूंनी ताणलेला राहतो. एकच लांब दोर सगळीकडून फिरवला तर एका जागी तुटला की सगळंच सुटतं. पट्टा उभा नको. उभा पट्टा ट्रॅक्टरला नुसता खाली दाबतो, पुढे जाताना अडवत नाही. जमिनीशी तिरका, पंचेचाळीस अंश किंवा त्याहून आडवा ठेवा. पंचेचाळीस अंशांवर त्याची सत्तर टक्के ताकद अडवायला मिळते, साठ अंशांवर निम्मीच.

आवळताना टायरकडे बघा. टायर किंचित बसलं पाहिजे. टायर म्हणजे स्प्रिंग आहे. सैल पट्ट्यात ते खड्ड्यागणिक उसळतं आणि प्रत्येक उसळीला पट्टा झटका खातो. धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर तिथे पाण्याच्या जुन्या पाइपाचा चिरलेला तुकडा घाला. लांब सुटा पट्टा असेल तर त्याला एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्याने फडफडून झिजतो. हौद्याचा पत्रा ओला असेल तर टायरखाली रबरी चटई टाका, जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा तुकडा उत्तम. शेवटी चाकांना लाकडी उट्या, आणि त्या उट्या एकमेकींना बांधलेल्या. सुटी उटी पहिल्या गतिरोधकावर उडते.

निघण्याआधी बारीकसारीक: बॉनेटची खिटी बघा. ट्रॅक्टर उलटा उभा असल्यामुळे वारा बॉनेटच्या फटीतून शिरतो आणि ते उघडू बघतं. मी वर एक रबरी पट्टा टाकतो. सायलेन्सर उभा असेल तर पावसात त्यावर डबा पालथा घाला. इंधनाचा कॉक बंद, बॅटरीची एक तार सुटी. टूलबॉक्सचं झाकण बांधा, नाहीतर पाने रस्त्यावर पडतात. आणि ट्रॅक्टरच्या सीटवर कुणीही बसणार नाही. नव्या ट्रॅक्टरवर बसून गावात शिरायची हौस प्रत्येकाला असते. त्यांना गावाच्या वेशीवर उतरवून दिल्यावर बसा म्हणावं.

विम्याचंही विचारून घ्या. पिकअपचा विमा पिकअपचा असतो, हौद्यातल्या ट्रॅक्टरचा नाही. नवा ट्रॅक्टर असेल तर वाटेतल्या नुकसानीचं कोण बघणार हे शोरूममधून निघायच्या आधी लिहून घ्या.

रस्ता

भिवंडीकडच्या यार्डातून निघालं की माझा पहिला नीट थांबा रायत्याचा पूल ओलांडल्यावर. खरं म्हणजे निघाल्यावर पाच-सहा किलोमीटरवरच एकदा थांबायला हवं, पण रांजणोलीपासून शहाडपर्यंत नीट थांबायला जागा कुठाय! म्हणून मी दुर्गाडीच्या अलीकडे कडेला घेऊन एकदा पट्टे हाताने दाबून बघतो आणि रायत्याला नीट आवळतो. तिथे एक-दोन खटके नेहमीच मिळतात. त्यानंतर मुरबाडला चहा आणि तिसरी तपासणी. पुढे सरळगाव, टोकावडे.

चाळीसच्या वर जात नाही. ट्रॅक्टरचं वजन हौद्याच्या वर उंचावर असतं, त्यामुळे वळणावर गाडी कांद्याच्या गोण्यांपेक्षा जास्त झुकते. वळणात ब्रेक नको, वळणाच्या आधी. पुढच्या गाडीपासून रोजच्या दुप्पट अंतर. मध्ये रिक्षा घुसणार, मग पुन्हा मागे राहायचं. कल्याणमध्ये याने डोकं फिरतं, पण माझी वाकडी जाळी आरशात दिसतेच.

माळशेज घाट असेल तर पावसाळ्यात रात्री मी जात नाही. धुकं, दरड, आणि शनिवार-रविवारी धबधब्याखाली नाचणारी पोरं. उतरताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, ब्रेक तापवू नका. नाशिकच्या बाजूने येणारा माल असेल तर कसाऱ्यालाही हेच. गावाकडच्या रेल्वेच्या बोगद्यांना उंचीची लोखंडी चौकट असते. हौदा आणि ट्रॅक्टर मिळून किती उंच झालं ते निघण्याआधी टेपने मोजून कॅबिनमध्ये खडूने लिहून ठेवा.

उतरवणं

गावात पोचलं की नारळ घेऊन सगळं घर उभं. पोरं हौद्यात चढायला लागतात, आजीला ट्रॅक्टरला हळद-कुंकू लावायचं असतं आणि तेही गाडीतच, कारण फोटो छान येतो. मी हात जोडून सांगतो, आजी, आधी खाली येऊ द्या त्याला. एकदाच एका घरी ऐकलं नाही. उंच हौद्यात नारळ फोडला, पाणी फळीवर सांडलं आणि ट्रॅक्टर उतरताना डावं चाक त्याच जागी घसरलं. साखळी होती म्हणून फळी राहिली.

उतरवताना सपाट जागा, टेका, साखळ्या, माणसं लांब, सगळं चढवताना होतं तसंच. फक्त क्रम बघा. आधी मालक सीटवर, ब्रेक दाबलेला. मग पट्टे सैल करायचे, मग शेवटी उट्या काढायच्या. पट्टे आधी सोडले आणि मालक अजून चपला शोधतोय, असं व्हायला नको. रॅचेट सोडताना तोंड बाजूला ठेवा, ताणलेला खटका दातावर बसतो. ट्रॅक्टर पुढच्या हळू गिअरमध्ये, नाक खाली, पाय क्लचवर नाही, आणि इंजिनच्या जोरावर सावकाश खाली.

मग नारळ फोडा, पेढे खा, आणि गाडी वळवण्याआधी पट्टे मोजा. चार नेले होते, चार परत आले पाहिजेत. मागच्या वर्षी माझा एक पट्टा आवणीच्या (भातलावणीच्या) गडबडीत गावातच राहिला. दिवाळीला सासरी गेलो तेव्हा दिसला. मामांनी त्याने म्हैस बांधली होती, रॅचेटसकट, आणि म्हणाले, जावईबापू, हिच्यासाठी एकदम भारी आहे बघा, अजून दोन आणा.